वाचकांचे प्रश्न : बाळाला हातांच्या खुणा शिकवताना

नागपूरहून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. बाळं सगळी दोन वर्षांच्या आतली, पण प्रश्न दोन जातींचे आहेत. काही घरांत बाळाला ऐकू येतं आणि बोलणं फुटेपर्यंतची सोय म्हणून खुणा हव्या आहेत. एका घरात बाळाला ऐकू येत नाही, तिथे खूण हीच भाषा आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याने उचलू नये.

मुलगी सात महिन्यांची आहे. महिनाभर व्हिडिओ बघून तिला दहा-बारा खुणा दाखवतोय. ती नुसती टकामका बघते, कधी तेही नाही. लवकर सुरुवात केली का? (मानेवाडा)

वय बरोबर आहे, खुणा जास्त झाल्या. सहा-सात महिन्यांना सुरुवात केली तर बाळाच्या हातून पहिली खूण यायला दोन-तीन महिने सहज लागतात. समज त्याआधी येते. ‘दूध’ची खूण पाहून ती पाय झाडायला लागली किंवा पदराकडे वळली, तर खूण पोचली असं समजा. हात मागून येतील.

दहा-बारांतल्या तीनच ठेवा: दूध, मम्मं, झालं. दिवसातून अनेकदा घडणारी आणि बाळाला मनापासून हवी असलेली गोष्ट आधी घ्यायची. ‘हत्ती’ किंवा ‘फूल’ दिसायला गोड, पण आठवड्यातून दोनदा दाखवलेली खूण बाळाच्या लक्षात राहत नाही.

दाखवायची रीत अशी. बाळाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर तुमचे हात आणि चेहरा काळे दिसतात. बाळाने बघेपर्यंत थांबा. हनुवटी धरून मान वळवू नका, खिमटाची वाटी किंवा चमचा आपल्या गालाजवळ न्या, नजर आपोआप येते. मग नेहमीच्या सुरात ‘मम्मं हवं?’ म्हणा आणि ‘मम्मं’ या शब्दावरच खूण करा: पाच बोटांची चिमूट ओठांकडे, दोनदा. अख्ख्या वाक्याला हातवारे नकोत. खूण केल्यावर हात क्षणभर तसाच ठेवा, मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. बहुतेक घरांत चूक इथेच होते. मोठ्यांना शांतता सोसत नाही आणि बाळ हात उचलणार तेवढ्यात पुढचा शब्द येऊन पडतो. दहा झाले की घास द्या, खूण आली असो वा नसो. खुणेसाठी घास अडवून धरला तर जेवणाचाच राग बसतो.

बाकीच्या चुका साध्या आहेत. बाळ कडेवर असताना केलेली खूण त्याच्या हनुवटीखाली जाते, त्याला दिसतच नाही. अशा वेळी ती त्याच्याच अंगावर करा, म्हणजे ‘मम्मं’ची चिमूट त्याच्या ओठांपाशी न्या. आजी एक खूण करते, बाबा दुसरी, पाळणाघरात तिसरी, मग तिन्ही राहतात अर्धवट. एका कागदावर खुणा लिहून फ्रिजवर लावा आणि त्याची प्रत पाळणाघराच्या ताईंना द्या. ‘अजून’ ही खूण मुद्दाम मागे ठेवली आहे. ती आली की बाळ दूध, खेळणं, बाहेर, सगळ्यालाच ‘अजून’ म्हणतं आणि बाकीच्या खुणा अडतात. बाळ तीन खुणा करू लागलं की ती द्या, आणि तीही जोडून: ‘अजून वरण’, ‘अजून झोका’.

व्हिडिओतलं तुम्ही बघा, तिला दाखवू नका. भारतीय बालरोग संघटनेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या बाळाला मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, अपवाद फक्त आप्तांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा.

मुलगा अकरा महिन्यांचा. ‘झालं’ म्हणून आम्ही दोन्ही पंजे मनगटातून फिरवून दाखवतो. तो दोन्ही हात खांद्यापासून फडफडवतो. सुधारायचं का? (इतवारी)

नाही. तो खूण बरोबरच करतोय, त्याच्या सांध्यांना जमते तशी. बाळाचा ताबा आधी खांद्यावर आणि कोपरावर येतो, मनगट आणि बोटं नंतर. म्हणून बारीक हालचाल मोठी होते आणि दोनदाची आठदा होते. जागा बहुधा बरोबर असते, बोटांचा आकार सगळ्यांत शेवटी जमतो. उघडा पंजा, मूठ आणि तर्जनी एवढेच आकार सुरुवातीला हाताशी असतात, त्यामुळे चिमटीची खूण अख्ख्या पंजाने ओठांवर थापटून होते. तळहात उलटा असणं हेही नेहमीचं. स्वतःकडे पंजा करून ‘टाटा’ करणारं बाळ घरोघरी असतं.

त्याची खूण ओळखा, लगेच दाद द्या आणि आपण मात्र मूळचीच दाखवत राहा: ‘झालं? बरं, झालं!’ त्याचे हात पकडून वळवू नका. फ्रिजवरच्या कागदात ‘तो अशी करतो’ असा एक रकाना वाढवा, म्हणजे आजोबांना कळेल की ही फडफड म्हणजे जेवण पुरे.

सासूबाई म्हणतात, हातवाऱ्यांची सवय लागली तर पोरगं बोलायला उशीर करेल. इंटरनेटवर उलट लिहिलंय, बुद्धी वाढते म्हणून. (महाल)

दोन्ही धरू नका. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० आई-बाळांच्या जोड्या बाळ ८ महिन्यांचं असल्यापासून २० महिन्यांचं होईपर्यंत पाहिल्या. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. खुणा शिकलेल्या बाळांचं बोलणं मागे पडलं नाही आणि पुढेही गेलं नाही. फरक आयांमध्ये दिसला, बाळाला काय हवं असेल याकडे त्यांचं लक्ष जास्त होतं. तेव्हा महागडे कार्डसंच आणि ‘हुशार बाळ’ वर्ग यांवर पैसे घालू नका.

सासूबाईंची मदत घ्या. ‘टाटा’, बाप्पाला जोडलेले हात, ‘नको’ची मान, हे त्यांनीच शिकवलेलं असेल आणि त्याने कुणाचं बोलणं अडलेलं नाही. अट एकच, खुणेबरोबर शब्द तोंडाने म्हणायचाच. शब्द नीट यायला लागला की बाळ ती खूण आपणहून सोडतं.

बाळ पाच महिन्यांचं. बेरा चाचणीत (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो हे पाहणारी तपासणी) दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला. श्रवणयंत्र लावतोय, पुढे कॉक्लिअर इम्प्लांटचंही (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) बोलणं आहे. नातेवाईक सांगतात, खुणा शिकवल्या तर तो कधी बोलणार नाही. व्हिडिओतल्या बाळखुणा चालतील का? (हिंगणा रोड)

खुणा सुरू करा, आजपासून. पण त्या बाळखुणा नकोत. तीस-चाळीस सुट्या खुणांनी गरज भागते, भाषा तयार होत नाही. यंत्र बसेल, त्याची जुळणी होईल, ऐकण्याची सवय लागेल, यात महिने जातात. तेवढा काळ बाळाला कुठलीच पूर्ण भाषा न मिळणं हा खरा धोका आहे. यंत्र आणि खुणा एकमेकांच्या आड येत नाहीत. खुणा पाहत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात, ऐकणारी बाळं ‘बाबाबा’ करतात तशी. लॉरा-अॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये ते दाखवून दिलं.

शिकायची ती भारतीय सांकेतिक भाषा. बहुतेक बाळखुणांचे व्हिडिओ अमेरिकन सांकेतिक भाषेतले असतात, ‘दूध’साठी मूठ दाबायची आणि सोडायची ती खूण तिथलीच. ऐकणाऱ्या बाळाला त्याने फरक पडत नाही. तुमच्या बाळाला मात्र पुढे शाळेत, इथल्या कर्णबधिर मित्रांत बोलायचं आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ पासून व्हिडिओरूपात मोफत उपलब्ध आहे. कोशातली खूण आणि नागपुरात चालणारी खूण वेगळी निघाली तर इथली धरा. त्यासाठी एखादी कर्णबधिर प्रौढ व्यक्ती आठवड्यातून दोनदा घरी येईल अशी व्यवस्था करा. तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) किंवा शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयात चौकशी करता येईल. वर्गापेक्षा हे जास्त उपयोगी, कारण बाळाला सराईत हात पाहायला मिळतात.

व्याकरण मराठी माणसाला अवघड नाही, क्रियापद शेवटी येतं. प्रश्नाचा शब्दही शेवटी: ‘बाबा गेले कुठे’. हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात, म्हणून कोऱ्या चेहऱ्याने केलेली खूण अर्धीच राहते.

रोजच्या वागण्यात एक बदल लागेल. ऐकणारं बाळ चित्राकडे बघत तुमचं बोलणं ऐकतं. तुमचं बाळ एकतर चित्र बघेल नाहीतर हात. म्हणून ‘गाय’ची खूण चित्राच्या अगदी शेजारी, त्याच्या नजरेच्या टप्प्यात करा, किंवा त्याने चित्र बघून मान वर केल्यावर करा. हाक म्हणून खांद्यावर हलकेच थोपटा किंवा नजरेच्या कडेला हात हलवा. दिवे सारखे चालू-बंद करू नका, त्याने बाळ दचकतं.

मुलगा चौदा महिन्यांचा, खुणा छान करतो. पण कूलर चालू असला की हाकेला बघत नाही. कूलरमुळेच असेल ना? (सक्करदरा)

असेलही, पण तसं धरून चालू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतल्या कूलरच्या घरघरीत हाक बुडते हे खरं. म्हणून कूलर, पंखा, टीव्ही सगळं बंद करून बघा. आणखी एक बघा, जे या पत्रात निसटलं आहे. खुणा चांगल्या येणारं बाळ शब्द न ऐकताही ‘ऐकतं’, कारण त्याला हात दिसतात. दोन-तीन दिवस ओळखीचे शब्द हात न हलवता, त्याच्या मागे उभं राहून म्हणा: ‘चेंडू कुठाय?’ टाळी वाजवू नका, भांडं आपटू नका. हवेचा झोत आणि जमिनीची थरथर बाळाला जाणवते.

हे सगळं केलं तरी त्याला कानांची चाचणी म्हणता येत नाही. कान तपासून घ्या, ओएई (कानातून परत येणारा बारीक आवाज मोजणारी तपासणी) किंवा बेरा. जन्मल्यावर तपासणी ‘पास’ झाली असली तरी, कारण दोष नंतरही येऊ शकतो आणि कानात साचलेल्या पाण्यानेही ऐकणं कमी होतं. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कान-नाक-घसा विभागात विचारा. वर्ष उलटूनही नावाला प्रतिसाद नाही, बोट दाखवून काही सांगत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. बोट न दाखवणाऱ्या बाळाची कानांबरोबर विकासाची तपासणीही करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना तो कुठल्या खुणा करतो आणि कुठले शब्द हात न पाहता समजतो, अशा दोन वेगळ्या याद्या न्या.