फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस निर्वासित छावणीत जन्मून जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबापर्यंत पोचला, मग आपल्या मुंबईतल्या वस्त्यांमधली मुलं का पोचत नाहीत? जिद्द कमी पडते का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य माझ्या मेहुण्याचं आहे. 'जिद्द कमी पडते, भाऊजी.' गेली कित्येक वर्षं तो हेच ऐकवतोय. दिवाळीत, बारशात, एकदा तर मयताहून परत येताना गाडीत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी बँकेत होतो. बँकेच्या संघातून मुंबईची हारवूड फुटबॉल लीग खेळलो, लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. कूपरेजच्या मैदानावर उतरलोय, तिथे हरलोयही भरपूर. आता गुडघे गेले, म्हणून रविवारी सकाळी विद्याविहारच्या बाजूला एका मैदानावर पोरांना शिकवतो. मैदान म्हणजे अर्ध्यात क्रिकेटवाले, कडेला वाळत घातलेल्या चादरी आणि मध्ये आम्ही.

डेव्हिसचा जन्म घानातल्या बुदुबुरामच्या छावणीतला, आईवडील लायबेरियातल्या यादवीतून निसटलेले, पाच वर्षांचा असताना कॅनडाला आला, हे तुम्हाला ठाऊकच असणार. लोक इथून उडी मारतात ती थेट बायर्नवर. मधली कॅनडातल्या एडमंटन शहरातली वर्षं कोणी सांगत नाही, कारण त्यात डोळ्यांत पाणी आणण्यासारखं काही नाही. आईवडील कामावर, धाकट्या भावंडांना हा सांभाळणार. अशा पोराला मैदानावर नेणार कोण? तिथे 'फ्री फूटी' नावाचा उपक्रम आहे. शाळा सुटली की गरीब भागातल्या शाळांच्या मुलांचे सामने. फी नाही, बूट-कपडे त्यांचे, आणि न्यायला-आणायला गाडीसुद्धा त्यांचीच. ही गाडी लक्षात ठेवा.

पुढचं झरझर आहे. तिथलाच स्ट्रायकर्स क्लब, 2015 ला वयाच्या 14 व्या वर्षी व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स या कॅनडातल्या क्लबची अकादमी, 2016 च्या जुलैत पंधराव्या वर्षी अमेरिका-कॅनडाच्या मेजर लीग सॉकरमध्ये पहिला सामना. बायर्नचा सौदा 2018 च्या जुलैत जाहीर झाला, पण हा तिथे दाखल झाला जानेवारी 2019 मध्ये. 18 च्या आतल्या खेळाडूला परदेशी क्लबात न्यायला फिफाचे नियम आडवे येतात, आणि याला 18 पूर्ण झाली नोव्हेंबर 2018 मध्ये.

बायर्नने आणला होता विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू म्हणून. 2019 मध्ये मागच्या फळीतले गडी जायबंदी झाले, लेफ्ट बॅक डेव्हिड अलाबाला मध्ये सरकवलं आणि डावीकडची रिकामी जागा या पोराला दिली. नड होती म्हणून. मलाही लेफ्ट बॅक केलं ते संघात दुसरा डावखुरा नव्हता म्हणूनच. आमच्यातलं साम्य तिथेच संपतं.

बायर्नने बार्सिलोनाला 8-2 ने धुतलं तो सामना मी जागून पाहिला. तारीख तिकडे 14 ऑगस्ट 2020, आपल्याकडे 15 उजाडला होता, रात्रीचे पावणेदोन. कोविडमुळे लिस्बनचं स्टेडियम रिकामं, खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. डाव्या कडेला डेव्हिसकडे चेंडू, समोर बार्सिलोनाचा बचावपटू सेमेडो. याने वेग मारला, थांबल्यासारखं केलं, आणि सेमेडोचं वजन चुकीच्या पायावर गेलेलं दिसताच सुटला. थेट गोलरेषेपर्यंत, तिथून आत, आणि आपल्या संघातल्या किमिकला चेंडू असा दिला की त्याने नुसता पाय लावायचा. मी सोफ्यावरून उभा राहिलो. बायको आतून म्हणाली, 'हळू, खालचे झोपलेत.' लेफ्ट बॅकला कोणी विचारत नाही हो. त्या रात्री सगळं जग लेफ्ट बॅककडे बघत होतं.

आणि मला लेफ्टी आठवला.

खरं नाव सांगत नाही, आम्ही त्याला लेफ्टीच म्हणायचो. तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्यांत राहायचा. दहा-अकरा वर्षांचा, काडीसारखा. या पोराची एक गोष्ट होती: येणारा चेंडू तो पायाशी थांबवायचाच नाही, पुढच्या धावेतच घ्यायचा. हे शिकवून येत नाही. मला पूर्ण कारकिर्दीत आलं नाही.

बाप प्लंबरच्या हाताखाली. पहिल्या सामन्याला शिनगार्ड लागतात म्हटल्यावर बापाने पीव्हीसी पाइप उभा चिरला, स्टोव्हवर धरून नडगीच्या आकाराला वाकवला, कडा कानशीने घासल्या, आतून जुन्या बनियनचं कापड चिकटवलं. सामन्याआधी रेफ्री रांगेत एकेकाच्या नडगीवर टिचकी मारत आला. लेफ्टीच्या पायावर टिचकी मारली, थांबला, पुन्हा मारली. मोजा खाली करायला लावला. पाइपवरची आयएसआयची छपाई तशीच होती. रेफ्री माझ्याकडे बघून म्हणाला, 'याला लीकेज होणार नाही,' आणि सोडला. त्या सामन्यात लेफ्टीने दोन गोल केले. आम्ही तरी हरलो, ते वेगळं.

2017 च्या सुरुवातीला एका अकादमीची निवड चाचणी होती. आमची तीन पोरं नेली. टेबलावरच्या माणसाने कागद मागितले. जन्मदाखला एकाकडेही नाही, तिघांकडे शाळेचा बोनाफाइड, आणि तिघांचीही जन्मतारीख 1 जून. मराठी शाळेत शिकलेल्याला याचं नवल वाटणार नाही. शाळा सुरू होण्याआधी मूल वयात बसायला हवं, म्हणून गुरुजी ठोकून देतात 1 जून. माझ्या सर्व्हिस बुकातही तेच आहे. टेबलावरचा माणूस मात्र हसला, म्हणाला, 'तिळे का?' वय चोरण्याचा धंदा आपल्याकडे इतका चालतो की त्याला दोष देता येत नाही. पण त्याने पोरांना चेंडूला पायही लावू दिला नाही. जन्माची नोंद एका वर्षात झाली नसेल तर नंतर करायला तेव्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. लेफ्टीचा बाप दोन खाडे करून चौकशीला गेला, तिसरा खाडा परवडेना.

आता तेच वर्ष तिकडे बघा. 6 जून 2017 ला डेव्हिसला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. आठवड्याभरात, 13 जूनला, देशाकडून क्युरासाओविरुद्ध उतरला. जुलैत गोल्ड कप स्पर्धेत तीन गोल. वय 16. हातात कागद पडायचा अवकाश होता. काही वर्षं उशीर झाला असता तर? जिद्द तेवढीच असती हो.

त्याच सुमारास आमच्याकडे पाइपलाइनच्या कडेची झोपड्यांची ती रांग पाडली. माणसं गेली चेंबूरकडच्या माहुलला. इमारतीत घर, शेजारी रिफायनरी. याला छावणी म्हणत नाहीत, पुनर्वसन म्हणतात.

ऑक्टोबरात 17 वर्षांखालचा विश्वचषक भारतात आला होता. मी आणि मेहुणा नेरूळला डी. वाय. पाटीलवर माली-स्पेन उपान्त्य सामना बघायला गेलो. वडापाव खात मेहुणा म्हणाला, 'भाऊजी, मालीची पोरं बघा. डोळ्यांत भूक आहे. आपल्याकडे ती भूकच नाही.' मी म्हणालो, 'भुकेने माणूस धावत नाही रे, भुकेने चक्कर येते.' स्पेन 3-1 ने जिंकला. स्पेनची पोरं काही उपाशी नव्हती, हेही मी त्याला दाखवून दिलं. वाद सुरू झाला तो इथून.

पण मेहुण्याला मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. आता इथे वाचेल.

माहुलला गेल्यावर लेफ्टी उशिरा यायला लागला. सराव साडेसहाला, हा सव्वासात, साडेसात. पहिल्या वेळी दोन राउंड मारायला लावले, दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्या रविवारी मी सगळ्या पोरांसमोर म्हणालो, 'खेळायचं असेल तर पहाटे उठावं लागतं. जिद्द लागते.' हो, मीच. तोच शब्द. पोरगा उलटून बोलला नाही. खाली बसून मोज्यातून ते पाइप काढले, एकात एक बसवले, पिशवीत ठेवले आणि धावायला लागला. सराव संपल्यावर पिशवी घेऊन गेला. चौथ्या रविवारी आला नाही.

महिन्याभराने त्याच्या मित्राकडून कळलं. रविवारी पहाटेची बस धड मिळायची नाही, त्यात एका वेळेला दोन बस लागायच्या. बेस्टचं किमान भाडं तेव्हा 8 रुपये होतं, 2019 मध्ये ते 5 वर आलं. किमान धरलं तरी जायचे-यायचे 32, प्रत्यक्षात जास्तच. चार रविवारचे सव्वाशे-दीडशे. त्या दिवशी नेरूळला वडापाव, पाणी आणि येतानाची टॅक्सी यांवर मेहुण्याचे आणि माझे मिळून याच्या कितीतरी पट गेले होते. मला एकदाही सुचलं नाही की पोराला विचारावं, बाबा रे, येतोस कसा?

मी माहुलला गेलो तोवर तो शाळा सुटल्यावर बापाबरोबर कामाला जात होता. दारात उभं राहून बोलला. 'सर, बघतो,' म्हणाला. आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय ते सांगायला नको.

तर साहेब, जिद्द. छावणीतून किंवा युद्धातून आलेला प्रत्येक खेळाडू घ्या आणि जिद्दीची गोष्ट बाजूला सारून बघा, खाली एखादी सोय सापडतेच. अफगाणिस्तानातल्या नादिया नदीमच्या वडिलांना तालिबानने मारलं, ती डेन्मार्कला पोचली, तर निर्वासित केंद्राच्या शेजारीच फुटबॉलची मैदानं होती. पुढे डेन्मार्ककडून खेळली आणि डॉक्टरही झाली. क्रोएशियाच्या मॉड्रिचचं घर युद्धात गेलं, झादरच्या हॉटेलांत निर्वासितांबरोबर वाढला, पण त्याच शहरात क्लब होता आणि त्याने त्याला घेतला. 2022 च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध डेव्हिसने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, विश्वचषकातला कॅनडाच्या पुरुष संघाचा पहिला, तेव्हा समोर मॉड्रिचही होता. क्रोएशिया 4-1 ने जिंकलं. मेहुण्याने त्या रात्री मेसेज टाकला: 'दोघंही निर्वासित. जिद्द!' मी उत्तर दिलं नाही.

आता थोडं माझ्याच विरुद्ध बोलतो, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. गाडी दिली म्हणून सगळे डेव्हिस होत नाहीत. त्याच्या पायात जो वेग आहे तो कुठल्या उपक्रमाने दिलेला नाही. 'फ्री फूटी'त खेळलेली बाकीची मुलं आज काय करतात हे कोणी विचारत नाही, आणि कॅनडासारखा पैसा आपल्याकडे नाही. मेहनतीबद्दलही माझं म्हणणं नाही, डेव्हिसने ती केलीच. शिवाय लेफ्टी मोठा खेळाडू झाला असता का? माहीत नाही. कदाचित हारवूड लीगमध्ये माझ्यासारखा हरत राहिला असता आणि कुठेतरी नोकरीला चिकटला असता. तेही काही वाईट नव्हतं.

तुम्ही हे घरच्या मुलासाठी विचारत असाल तर बूट नंतर घ्या, आधी जन्मदाखला काढा आणि त्यावर नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय ना ते बघा. मैदान घरापासून चालत जाता येईल असं निवडा, प्रशिक्षक थोडा कमी नावाचा असला तरी चालेल.

2018 पासून आम्ही चौघांनी मिळून एक इको ठरवली आहे. रविवारी पावणेसहाला माहुलहून निघते, सात पोरं आणते, कधी दाटीवाटीने नऊ. त्या गाडीतून अजून एकही डेव्हिस उतरलेला नाही. एक जण पोलीस भरतीत धावला आणि लागला. पेट्रोलला दरमहा पाचशे रुपये मेहुणाही देतो, न चुकता, एक तारखेला. सोबत मेसेज असतो: 'भाऊजी, जिद्द असलेलीच पोरं बसवा.'