'कोसला'तला पांडुरंग इतक्या मित्रांत राहूनही एकटा का?

तुम्ही भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी अर्धी वाचून विचारलंय, की होस्टेलभर ओळखी, चहापाणी, रात्रीबेरात्री टेकडीवर भटकणं एवढं सगळं असून पांडुरंग सांगवीकर एकटा का, आणि शेवटी त्याला कुणी आपलं माणूस भेटतं का. शिकायला नुकतेच कोल्हापुरात आलात असंही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी 'कोसला' वाचली ती दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात. पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, म्हणून खेड्यातली पोरं इथं राहून शिकू शकली. पण राहायची सोय झाली म्हणजे मन रमतंच असं नाही.

पांडुरंग माणसं जोडतो ती वडिलांचे पैसे उधळून आणि नसती कामं अंगावर घेऊन. मेसचा कारभार घेतो आणि तोच त्याच्या अंगाशी येतो. हे वाचताना मला कापरं भरलं होतं, कारण मी तेच करत होतो. आमचं गाव राधानगरीकडचं. डेअरीचं दर दहा दिवसांचं दुधाचं बिल आलं की वडील त्यातले पैसे धाडायचे आणि ते मी दुसऱ्यांच्या मिसळीवर घालवायचो. पैसे संपले की टेबलावरची माणसंही पांगायची. ती वाईट नव्हती. मी त्यांना माझ्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं, तर ती थांबणार कशासाठी?

पांडुरंगाचंही हेच आहे असं मला वाटतं. त्याच्या बोलण्यात सारखे येणारे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लोक गंमत म्हणून वापरतात, पण मला ते आडोसे वाटतात. समोरचा शेवटपर्यंत ऐकेल याची खात्री नसली की माणूस 'वगैरे' म्हणून बोलणं आटोपतं घेतो. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, तिथं मात्र कुठलाच आडोसा पुरत नाही. ती पानं घाईत वाचू नका. पुढं तो अजिंठ्याला जातो तेव्हा त्या लेण्यांतही हेच दुःख त्याच्याबरोबर फिरत असतं.

शेवटी कुणी भेटतं का? नाही. शिक्षण अर्धवट टाकून तो आपल्या गावी, सांगवीला परततो, आणि तिथंही वडिलांशी जुळत नाही. पण पहिल्याच वाक्यात तो स्वतःचं नाव आणि वय सांगतो, हे विसरू नका. पंचविशीतला पोरगा, एस.टी.त शेजारी येऊन बसावा तसा, अनोळखी वाचकाला सगळं सांगत सुटतो. १९६३ साली पुस्तक आलं तेव्हा नेमाडेही पंचविशीतच होते. सांगायला कुणी नाही म्हणून केलेलं हे सांगणं, माझ्यापुरती हीच 'कोसला'.

माझं काय झालं तेही सांगतो. आमचे डबे गावाकडनं एस.टी.ने यायचे. माझ्या डब्यात नाचणीची भाकरी आणि खर्डा, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून जेवायचो. खोलीतला दुसरा पोरगाही तसाच, त्याच्या भिंतीकडे. एका पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं, गाडी आली नाही, माझा डबा राहिला. त्यानं काही न बोलता आपली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. तीही नाचणीचीच.

नंतर मी त्याला 'कोसला' दिली. मनीच्या पानांशी तो दोन दिवस अडकला आणि तिसऱ्या रात्री आपल्या गेलेल्या भावाबद्दल बोलायला लागला. मी पहाटेपर्यंत ऐकत होतो. पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली. दंड आम्ही दोघांनी मिळून भरला.