‘किरण’ला जोडनाव लावू नका

प्रश्न: आम्ही दोघे भारतीय नागरिक, जर्मनीत नोकरीला आहोत. मुलगी नऊ दिवसांची आहे. ‘किरण’ नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही, तेव्हा सोबत मुलीचेच आणखी एक नाव द्या, असे जन्मनोंदणी कार्यालय म्हणते. आत्ता जोडून नंतर काढता येईल का? आणि मधे वडिलांचे नाव चालेल का?

उत्तर: जोडू नका. एकदा नोंदलेले नाव काढणे फार अवघड असते, ‘आत्तापुरते’ असे तिथे काही नसते.

तुमची बाजू भक्कम आहे. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने 5 डिसेंबर 2008 रोजी नेमक्या याच नावाचा निकाल दिला. तीही मुलगी, नावही किरण, आणि कार्यालयाची मागणीही हीच. नावातून लिंग कळलेच पाहिजे असा कायदा नाही, पालकांना अडवायचे तर बाळाच्या हिताला धोका हवा, असे न्यायालयाने म्हटले. 1 मे 2025 पासून नावाला मुख्यतः राहत्या देशाचा कायदा लागतो, त्यामुळे तुम्ही भारतीय आहात या कारणाने हा निकाल बाजूला ठेवता येणार नाही.

कार्यालयाला लेखी पत्र द्या. त्यात निकालाचा क्रमांक घाला: १ बीव्हीआर ५७६/०७. नकार आला तर तोही लेखीच मागा, कारण तोंडी नकारावर पुढे भांडायला हातात काही उरत नाही. जन्म कळवताना नाव दिले नसेल तर ते एका महिन्यात कळवावे लागते. तुमचे नऊ दिवस गेलेत, म्हणून पत्र याच आठवड्यात जाऊ द्या. ‘आमच्या पुस्तकात हे नाव नाही’ असे कोणी म्हणाले तर वीसबाडेन येथील जर्मन भाषा संस्था शुल्क घेऊन नावाबद्दल दाखला देते. तरीही अडले तर आम्ट्सगेरिष्टकडे, म्हणजे स्थानिक न्यायालयाकडे, अर्ज करा. मात्र घराजवळचे कोणतेही चालत नाही, जिथे लांडगेरिष्ट, म्हणजे त्याच्या वरचे न्यायालय, आहे त्या शहरातलेच लागते. या टप्प्यावर वकील सक्तीचा नाही.

वडिलांच्या नावाबद्दल जपून. जर्मन नोंदीत आपल्यासारखा मधल्या नावाचा रकाना नाही, मधे लिहिलेले सहसा मुलीचे दुसरे नाव धरले जाते. मग पुरुषाचे नाव मुलीला कसे, हा नवा वाद उभा राहतो, आणि तिथे किरणचा निकाल तुम्हाला पुरेसा पडणार नाही. जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावे असतातच, म्हणून मी ते टाळेन.

भारतीय दूतावासात जन्म एका वर्षाच्या आत नोंदवा आणि रोमन स्पेलिंग जर्मन दाखल्याप्रमाणेच, अक्षर न अक्षर तेच ठेवा.