तिची सकाळ आधी लिही
तुझी पटकथा दोनदा वाचली. नायिका प्रेमात झपाटलेली आहे, पण ती दिवसभर काय करते? म्हापशाच्या बाजारात घासाघीस करते का, आईचा फोन उचलते का? ते आधी लिही. १९८७च्या ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ या हॉलिवूडपटात विवाहित पुरुषाचा पाठलाग करणारी अ‍ॅलेक्स स्वतःचा जीव घेते, असा शेवट आधी चित्रित झाला होता. चाचणी खेळात तो प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून बदलून तिला मारून टाकलं. अ‍ॅलेक्स साकारणाऱ्या ग्लेन क्लोजचा याला विरोध होता. मला तो बदल अजून खुपतो. दुखावलेल्या बाईची राक्षसीण झाली. (पुरुष पाठलाग करतो तेव्हा मात्र आपण त्याला प्रेमवेडा म्हणतो.) मिरामारच्या वाळूवरचा तुझा शेवटचा प्रसंग तिच्या नजरेतून पुन्हा लिहून पाठव. मी लगेच वाचते.