वायनरीला जाताय? आधी जेवणाचं ठरवा

थंडी सुरू झाली की ठाणे आणि नवी मुंबईतून एकाच विषयावरचे प्रश्न येतात, नाशिकला वायनरी बघायला जायचंय, काय करू, काय खाऊ, कुठली बाटली घेऊ. सगळे इथे घेणं शक्य नाही, त्यामुळे ज्यांची उत्तरं बाकीच्यांनाही उपयोगी पडतील असे निवडलेत. एक आधीच सांगते, मी वाइनकडे जेवणाच्या बाजूने बघते, ग्लासच्या बाजूने नाही, त्यामुळे महागड्या बाटल्यांची नावं ऐकायला आलेल्यांची थोडी निराशा होईल.

प्रश्न : ताई, २६ जानेवारीला जोडून सुट्टी घेऊन आम्ही चार कपल्स नाशिकला जायचं म्हणतोय. एका दिवसात तीन-चार वायनरीज होतील ना? कुठल्या कराव्यात? – घोडबंदर रोड, ठाणे

अहो, २६ जानेवारी ड्राय डे असतो! दरवर्षी कोणीतरी हाच प्लॅन करतं आणि मग द्राक्षांच्या वेलींसमोर उभं राहून सेल्फी काढून परत येतं. ३० जानेवारीही ड्राय डेच. या दोन तारखा सोडून कुठलाही वीकेंड घ्या, आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळून मधला वार घ्या, कारण गर्दीत टेस्टिंग म्हणजे रांगेत उभं राहून ग्लास पुढे करणं एवढंच उरतं.

तीन-चार अजिबात नको. दोन बास, आणि त्यातल्या एकीत निवांत जेवण. आधी जेवायचं कुठे ते ठरवा, टेबल बुक करा, मग त्याच्या आसपासची दुसरी वायनरी निवडा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा अशा जवळजवळ आहेत. सांजेगावकडे, म्हणजे इगतपुरी तालुक्यात, ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोन. शँडन दिंडोरीला, ते तिसऱ्याच दिशेला. एका दिवशी एकच दिशा धरा, नाहीतर अर्धा दिवस गाडीतच जाईल. तुम्ही घोडबंदरवरून निघणार म्हणजे भिवंडीकडून आमण्याला समृद्धी महामार्गावर चढता येईल, आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि कसारा घाट चुकतो. इगतपुरीला उतरलं की सांजेगावची बाजू आधी लागते, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर मी तीच बाजू सुचवीन. सुलाची गर्दी आणि गाणीबजावणी हवी असेल तर मात्र गंगापूर रोड.

द्राक्षं बघायची असतील तर जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मग बागेत नुसत्या काड्या दिसतात, फोटोवाले हिरमुसतात. फळ धरणारी गोडी छाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणून पावसाळ्यात गेलात तर हिरवंगार असतं पण घड नसतात. आणि वाइनची द्राक्षं आपल्या वाशी मार्केटमधल्या थॉमसन सीडलेससारखी नसतात, बारीक, बियांची, जाड सालीची असतात. तोडून खाऊ नका, फवारणी झालेली असू शकते आणि शेवटी ते कोणाचं तरी पीक आहे.

प्रश्न : टेस्टिंगला घोट-घोटच देतात, वर पोटभर जेवणार, मग संध्याकाळी मीच गाडी चालवली तर चालेल ना? बाकी कोणाला घाट जमत नाही. – कोपरखैरणे

नाही चालणार. हिशोब करून बघा. एका टेस्टिंगला पाच वाइन्स, प्रत्येकी साधारण ३० मिली धरली तरी १५० मिली झाली, म्हणजे एक पूर्ण ग्लास. १३ टक्क्यांची वाइन असेल तर त्यात जवळपास १५ ग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि अंगाने बारीक माणसाला ती एवढ्यातही ओलांडता येते, वर तुम्ही जेवताना अजून एक ग्लास घेणारच. जेवणाने चढायला वेळ लागतो, पण पोटात गेलेली दारू नाहीशी होत नाही. पकडलं तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, ते राहू दे, अंधारात ट्रकांच्या मधून गाडी काढायची आहे हे लक्षात ठेवा.

तुम्हाला तर ट्रेन सोपी आहे. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला या, शिर्डीची वंदे भारत ठाण्याला थांबते आणि नाशिक रोडलाही, सकाळी जाते आणि संध्याकाळी परत येते. फक्त नाशिक रोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूरकडच्या वायनरीज दुसऱ्या टोकाला, तेव्हा दिवसभरासाठी टॅक्सी आधीच ठरवा, संध्याकाळी तिथून आयत्या वेळी गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. गाडीच न्यायची असेल तर ड्रायव्हर घ्या, चार जणांत वाटलं तर फार पडत नाही. आणि टेस्टिंगला थुंकायला भांडं असतं, ते शोभेसाठी नसतं, घोट तोंडात फिरवून थुंकला तर कोणी हसत नाही, जाणकार लोक तेच करतात.

प्रश्न : काकू, आमच्याकडे आगरी जेवण, मटण तर असं की पाहुण्यांच्या डोळ्यात पाणी. मटणासोबत रेड वाइन चांगली म्हणून एक चांगली महागातली आणली, पहिल्या घोटालाच तोंडाची आग आग झाली. वाइन खराब होती की मटण? – ऐरोली

मटणाला नावं ठेवू नकोस बाळा. वाइनही खराब नसणार, जोडी चुकली.

मटणाला रेड आणि माशाला व्हाइट हा नियम तिकडच्या भाजलेल्या, मीठ-मिरीच्या मटणासाठी आहे, आपल्या रश्श्यासाठी नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवर आधीच जाळ करतं, अल्कोहोल तो वाढवतं, आणि रेड वाइनमधलं टॅनिन, म्हणजे चहा जास्त उकळला की तोंड आवळतं ना तो तुरटपणा, त्या जळत्या जिभेवर अजून रखरखीत लागतं. म्हणून वाइन जितकी कडक आणि तुरट तितकी आग जास्त. तिखट रश्श्याला उलट पाहिजे, थंडगार, किंचित गोडसर, अल्कोहोल कमी. नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन यासाठी फार चांगली पडते, लेबलवर एकदम ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, असं लिहिलेली नको, थोडी गोडी असलेली घे. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, पण चालते. लोक हसतील, मटणाबरोबर गुलाबी काय पितोस म्हणून, हसू दे, तांदळाची भाकरी रश्श्यात बुडवून एक घास आणि वर एक गार घोट असं करून बघायला सांग.

रेडच हवी असेल तर रस्सा नको, सुकं मटण कर, मिरची कमी, काळी मिरी आणि भाजलेलं खोबरं जास्त. त्याबरोबर शिराझ द्राक्षाची रेड. शिराझमध्ये मिरीसारखा वास येतो तो उगाच नाही, काळ्या मिरीत जो रोटंडोन नावाचा घटक असतो तोच शिराझच्या सालीत सापडतो, त्यामुळे दोघांचं जमतं.

आणि अजून एक, जे कोणी सांगत नाही. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात ते तिकडच्या थंड घरांचं टेम्परेचर, १६-१८ डिग्री. ऐरोलीत एप्रिलमध्ये रूम टेम्परेचर म्हणजे ३२. तशी गरम रेड प्यायलास तर अल्कोहोलचा भपकाराच नाकात जाणार, आगीचं अर्धं कारण कदाचित तेच असेल. रेडची बाटली पण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव मग काढ. व्हाइट ८ ते १२ डिग्रीला, स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, त्याहून गार.

माशाचं पण विचारलं नाहीस तरी सांगते, कारण तुमच्याकडे ते रोजचंच. बोंबील फ्राय, तळलेली कोलंबी, कुरकुरीत काहीही असेल तर स्पार्कलिंगला तोड नाही, बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातलं तेल धुऊन काढतात आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो. सोविन्यों ब्लाँ ही व्हाइट पण चालते. चिंच-कोकमाचं कालवण असेल तर वाइनही तितकीच आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी पचपचीत लागते. सुकट, सोडे यांच्याबरोबर रेड मात्र घेऊच नकोस. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलंय की वाइनमध्ये लोहाचा अंश जास्त असला की माशाबरोबर तोंडात हिवसा वास उरतो, आणि रेडमध्ये तो बऱ्याचदा जास्त असतो. सुक्या मच्छीला वासाची भर घालायची गरज आहे का, तूच सांग. सोलकढी जेवण संपल्यावर, वाइनबरोबर नको, दोघींचं पटत नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. सासूबाई पण येणार, त्या वाइनला हात लावत नाहीत आणि त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये असं वाटतं. शिवाय वाइन खरंच शाकाहारी असते का? – नौपाडा, ठाणे

दुसरा प्रश्न छान विचारलात, फार कमी लोक विचारतात. वाइन द्राक्षाचीच, पण गढूळपणा काढायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, नंतर तो गाळून काढला जातो. बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइट म्हणजे एक प्रकारची माती वापरतात, ती चालण्यासारखी. बाटलीवर हिरवा ठिपका आहे का बघा आणि वायनरीत सरळ विचारा, टूर देणाऱ्याला माहिती असायला हवं.

सासूबाईंसाठी सकाळ त्यांची ठेवा. पंचवटी, नाहीतर गंगापूर रोडवरचं सोमेश्वर, मंदिर पण आहे आणि धबधबा पण, आणि वाटेवरच आहे. मिसळ खायची असेल तर ती सकाळीच, टेस्टिंगच्या निदान दोन तास आधी, कारण काळ्या रश्श्याने जीभ एकदा भाजली की पुढच्या पाच वाइन्स सारख्याच लागतात. मग दुपारी वायनरीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला, तिथे शाकाहारी भरपूर मिळतं, त्यांनी फ्रेश लाइम घेतलं तर कोणी वळून बघत नाही. टेस्टिंगला तुम्ही दोघं जा तेव्हा त्यांच्यासोबत कोणीतरी बाहेर सावलीत बसा एवढं बघा. मुलं असतील तर २१ वर्षांखालच्यांना वाइन नाही, त्यात नातं-बितं चालत नाही.

घरी आल्यावर कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, आळूवडी यांच्याबरोबर स्पार्कलिंग किंवा गार शेनिन उघडा. कोंडाजी चिवडा नाशिकहून आणालच, तो पण चालतो. पुरणपोळीबरोबर ड्राय वाइन घेऊ नका, गोडाच्या शेजारी ती नुसती आंबट लागते, वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, म्हणून लेट हार्व्हेस्ट. वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढलेल्या द्राक्षांची असते, छोट्या ग्लासात थोडीच प्यायची.

प्रश्न : वायनरीतून सहा बाटल्या आणल्या, किती वर्षं ठेवू? जुनी वाइन चांगली ना? – नेरूळ

सगळी नाही. आपण आणतो त्यातल्या बहुतेक व्हाइट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत संपवायच्याच असतात, ठेवून त्या उतरतात. चांगल्या रेड काही वर्षं टिकतात, पण थंड जागेत, नेरूळच्या किचनमध्ये फ्रीजच्या डोक्यावर नाही, तिथे उष्णता सतत वर येते. कपाटात खाली, अंधारात, बुचाची असेल तर आडवी. स्क्रू कॅपची उभी ठेवली तरी चालते, आणि स्क्रू कॅप म्हणजे स्वस्त माल असं समजू नका. येताना मार्चच्या उन्हात गाडी फूडमॉलला लावून डिकीत बाटल्या ठेवून जेवायला गेला असाल तर त्या आधी उघडा, त्यांचं काही खरं नाही. उघडलेली व्हाइट झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, रेड पण फ्रीजमध्येच.

प्रश्न : टेस्टिंगला वास घेऊन सगळे काय काय सांगतात, मला नुसता वाइनचा वास येतो. काय बोलू? – कळवा

जे आठवेल ते बोला. तिथला माणूस गूजबेरी म्हणेल, आपल्यातल्या कितीजणांनी गूजबेरी खाल्लीये? सोविन्यों ब्लाँमध्ये बऱ्याच जणांना पेरू येतो, कैरी येते, हिरवी ढोबळी मिरची येते, आणि ढोबळी मिरचीचा तर खरोखरच एक घटक त्या द्राक्षात असतो. ग्लास तिसरा भागच भरलेला असू दे, हलवून नाक आत घाला, अत्तर-परफ्यूम त्या दिवशी लावू नका, आणि पहिल्या वाइनवर मत बनवू नका कारण तोंडात अजून टूथपेस्ट नाहीतर चहा असतो. हलक्यापासून कडकपर्यंत ज्या क्रमाने देतात त्याच क्रमाने प्या. मध्ये साधा ब्रेड किंवा क्रॅकर खा, चीजने जीभ लेपली जाते आणि बेताची वाइन पण बरी लागायला लागते, दुकानदारांना ते चांगलं ठाऊक असतं. बाटली विकत घ्यायची असेल तर चीज खायच्या आधी ठरवा.