पासपोर्ट काढताना आमच्या घरी पोलीस चौकशीला आले होते. मग पोलीस महासंचालक नेमताना त्यांची पार्श्वभूमी तपासायला कोण जातं?

कोणीही जात नाही. तुम्हाला दोन शेजाऱ्यांची नावं द्यावी लागली, राज्याच्या पोलीसप्रमुखाला फक्त कागद लागतात. ते कागद तयार होतात त्या टेबलावर मी १९ वर्षं बसले, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

घरी जाऊन, आजूबाजूला विचारून चारित्र्य पडताळणी होते ती भारतीय पोलीस सेवेत शिरताना, एकदा. पुढे ३० वर्षांनी तोच माणूस महासंचालकपदाच्या यादीत येतो, तेव्हा गृह विभाग त्याची सेवेची माहिती, गोपनीय अहवाल, सचोटीचं प्रमाणपत्र आणि चौकशी किंवा खटला आहे की नाही याचं उत्तर दिल्लीला पाठवतो. तिथे केंद्रीय लोकसेवा आयोगाची समिती बसते: आयोगाचे अध्यक्ष किंवा सदस्य, केंद्रीय गृह सचिव, राज्याचे मुख्य सचिव, मावळते महासंचालक आणि एका केंद्रीय पोलीस दलाचे प्रमुख. ती तीन नावं काढते, त्यातलं एक राज्य सरकार घेतं. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ला दिलेल्या निकालातून हे आलं. शहरांच्या पोलीस आयुक्तांना ही चाळणीही नाही, त्यांना सरकार थेट नेमतं. आणि महासंचालकाच्या बाबतीत चाळणी टाळायची असेल तर नियमित नेमणूक न करता एखाद्या अधिकाऱ्याला त्या पदाचा 'अतिरिक्त कार्यभार' देतात. तसं करू नका असं सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१८ला बजावलं होतं, तरी आपल्याकडे महाराष्ट्रात २०२१मध्ये तेच झालं. उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२२मध्ये रजनीश सेठ यांची नियमित नेमणूक झाली.

पण माझं दुखणं वेगळं आहे. ही समिती स्वतः काही शोधत नाही, पुढ्यात आलेलं वाचते. म्हणजे सगळं येऊन ठेपतं खाली प्रपत्र, म्हणजे माहितीचा ठरलेला छापील नमुना, कोण भरतं आणि त्या प्रपत्रात काय विचारलंय यावर.

मी तेव्हा पोलिसांच्या एका परिक्षेत्र कार्यालयात, म्हणजे काही जिल्ह्यांच्या वरच्या कार्यालयात, होते. कुठल्या ते सांगणार नाही. एका जिल्ह्यातून एका हवालदाराचा अर्ज आला. हे गृहस्थ ठाणे अंमलदार, म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदी घेणारे, होते. त्यांचं म्हणणं असं, की एका माणसाला रात्री ताब्यात घेतल्याची नोंद त्यांनी स्टेशन डायरीत २२.४०ला घेतली आणि सकाळी जिल्ह्याच्या अधीक्षकांनी बोलावून ती ०६.१५ची करायला सांगितली. कोर्टात हजर करायचे २४ तास कधीपासून मोजायचे, ते त्या नोंदीवर ठरणार होतं. यांनी नकार दिला आणि आठवड्याच्या आत मुख्यालयात बदली झाली. अर्ज दोन पानी, हाताने लिहिलेला, सोबत डायरीच्या त्या पानाची झेरॉक्स. शेवटची ओळ माझी पाठ आहे: 'बदली रद्द करावी अशी विनंती नाही. नोंद आहे तशी राहावी.'

प्राथमिक चौकशी लागली, म्हणजे तक्रारीत तथ्य आहे का एवढं बघणारी. दोषारोप ठेवून होते ती विभागीय चौकशी, ती त्यानंतरची. दिली कोणाकडे, तर शेजारच्या जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे, जे तक्रार ज्यांच्यावर होती त्यांच्यापेक्षा एका बॅचने कनिष्ठ. चार जबाब झाले. अहवाल आला नाही. मी स्मरणपत्रं काढली, पहिलं, दुसरं, तिसरं, मग अर्धशासकीय पत्र. उत्तर एकच, 'चौकशी प्रगतिपथावर आहे.' हवालदार पगार झाला की फोन करायचे. "ताई, आमच्या अर्जाचं काय झालं?" मी म्हणायची, "चालू आहे." असे १४ महिने गेले.

मग एक दिवस त्याच अधीक्षकांच्या पदोन्नतीसाठी माहिती मागवणारं पत्र आलं. आजच्या आज, खास दूतामार्फत पाठवा. प्रपत्रात रकाना होता: 'विभागीय चौकशी प्रलंबित अथवा प्रस्तावित आहे काय?' 'नाही' म्हणायचं असेल तर तिथे 'निरंक' लिहितात. मी मसुद्यात लिहिलं, 'निरंक. तथापि एक प्राथमिक चौकशी १४ महिन्यांपासून प्रलंबित असून अहवाल अप्राप्त आहे.' आमचे कार्यालय अधीक्षक, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांनी लाल पेनने 'तथापि'पासून शेवटपर्यंत रेघ ओढली. "विचारलंय तेवढंच लिहायचं. प्राथमिक म्हणजे विभागीय नव्हे." नियमाने त्यांचं बरोबर होतं. मी पुन्हा टाइप केलं. 'निरंक' एवढ्या एका शब्दाच्या त्या प्रतीवर माझी लघुस्वाक्षरी आहे.

तीन महिन्यांनी पदोन्नतीचा आदेश निघाला. चौकशीची फाईल पुढच्या साहेबांच्या काळात 'दप्तरी दाखल' झाली, म्हणजे बंद करून कपाटात गेली. हवालदार निवृत्त झाले, त्या आठवड्यात त्यांचा शेवटचा फोन आला. मी तेव्हाही "चालू आहे" म्हणाले. ते खोटं होतं आणि ते मी बोलले.

अण्णा आणि मी दोघेही आता निवृत्त आहोत, एकाच गावात राहतो आणि हा वाद अजून मिटलेला नाही. अण्णांचा हुकमाचा पत्ता म्हणजे १९९१चा जानकीरामन निकाल. त्यात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, की दोषारोपपत्र बजावलेलं नसेल तर नुसत्या प्राथमिक चौकशीपायी कोणाची पदोन्नती सीलबंद पाकिटात ठेवता, म्हणजे चौकशी संपेपर्यंत रोखून धरता येणार नाही. मला हा निकाल मान्य आहे. पण तो पदोन्नती रोखण्याबद्दल आहे. वरच्याला खरं काय ते कळू देऊ नका, असं त्यात कुठेही नाही. मी त्यांची पदोन्नती रोखा असं लिहिलं नव्हतं. जे टेबलावर होतं ते लिहिलं होतं. तेवढं वाचून वरच्यांनी विचारलं असतं, "अहवाल का नाही आला?" आणि अहवाल आला असता.

आणि सर्वोच्च पदाचा तर प्रश्नच वेगळा. ती निवड असते. त्या खुर्चीवर कोणाचा हक्क नसतो. २०१०मध्ये पी. जे. थॉमस या सनदी अधिकाऱ्यांना केंद्रीय दक्षता आयुक्त, म्हणजे सरकारी भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाचे प्रमुख, नेमलं. निवड समितीपुढे ठेवलेल्या त्यांच्या माहितीपत्रात केरळच्या पामोलिन तेल आयातीतल्या भ्रष्टाचाराच्या खटल्याचा, ज्यात ते आरोपी होते, उल्लेख नव्हता. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करावी अशा २००० ते २००४मधल्या सरकारी टिपण्याही विचारात घेतल्या नाहीत. समितीत तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी विरोध नोंदवला होता, तरी नेमणूक झाली. ३ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सांगितलं, की प्रश्न त्या एका माणसाच्या सचोटीपुरता नाही, संस्थेच्या सचोटीचा आहे, आणि महत्त्वाचे कागद न बघता केलेली शिफारस टिकत नाही. अण्णा, कोणीतरी तिथेही 'तथापि'वर रेघ ओढली होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही समजू नका. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशरचे पोलीसप्रमुख निक अ‍ॅडर्ली फॉकलंड युद्धाचं पदक गणवेशावर लावायचे. युद्ध १९८२चं, तेव्हा ते १५ वर्षांचे होते. नौदलात दोनच वर्षं होते आणि अर्जात मात्र दहा. २०१८ला प्रमुख झाले, जून २०२४मध्ये बडतर्फ. जन्मतारीख आणि पदक शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागली असती. वरच्या माणसाला विचारायची भीड सगळीकडे सारखीच.

तुम्ही विचारलेल्याचा उरलेला भाग, काय करायला हवं? माझ्या मते घरी पोलीस पाठवून उपयोग नाही, शेजारी महासंचालकाबद्दल काय सांगणार! प्रपत्रात एक रकाना वाढवा: 'सहा महिन्यांहून जुनी, अहवाल न आलेली कोणतीही चौकशी, आणि अहवाल का आला नाही.' आणि ज्याची चौकशी आहे त्याच्याहून कनिष्ठ माणसाकडे ती देऊ नका. एवढं केलं तरी खूप आहे.

आता हेही सांगायला हवं, की पदोन्नतीचा मोसम आला की निनावी अर्जांचा पाऊस पडतो. त्यातले बहुतेक मी स्वतः वाचलेत, त्यांची जागा टोपलीतच. नुसत्या कुजबुजीवर माणूस तोलणंही वाईट. केंद्रात वरच्या पदांसाठी गुपचूप 'सगळीकडून मत' घ्यायची पद्धत आणली, तिला २०१७मध्ये संसदीय समितीने अपारदर्शक म्हटलं ते उगाच नाही. तुम्ही माहिती अधिकारात एखाद्या अधिकाऱ्याची फाईल मागाल तर मिळणार नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने सेवेतले असे कागद वैयक्तिक माहिती ठरवले आहेत. मात्र एखाद्या कार्यालयात वर्षाहून जुन्या प्राथमिक चौकश्या किती पडून आहेत, हा आकडा नाव न घेता मागता येतो. तो मागा.

हवालदारांची तक्रार खरी होती, असं मी म्हणत नाही. २२.४० खरं की ०६.१५, ते मला माहीत नाही, कारण चौकशी पुरी झालीच नाही. ते अधीक्षक निर्दोषही असतील. तसं असेल तर त्यांनाही ते कागदावर मिळायला हवं होतं.

अण्णांची सून त्यांना मोबाईलवर माझं लिहिलेलं वाचून दाखवते, म्हणून इथेच विचारते. अण्णा, रकान्यात नव्हतं हे मान्य. पण पत्राच्या खाली 'शेरा' म्हणून चार ओळींची मोकळी जागा होती. तिथे का नाही लिहू दिलंत?