युद्धामुळे देश सुटलेल्यांना काय म्हणावं: निर्वासित, शरणार्थी की विस्थापित?

प्रश्न असा आहे: युक्रेनमधून युरोपात गेलेल्या लोकांना एकाच बातमीत आधी शरणार्थी, मग निर्वासित आणि शेवटी विस्थापित म्हटलं होतं. यातला बरोबर शब्द कोणता?

बोलताना मी निर्वासितच म्हणेन. पण त्यांना सरकारनं काय दिलं आहे हे सांगायचं असेल, तर तिन्ही शब्द अपुरे पडतात.

१९५१च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित ठरायला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशावरून तरी छळ होईल अशी रास्त भीती असावी लागते. युद्ध हा शब्द त्या व्याख्येत नाहीच. घरावर बॉम्ब पडतायत, एवढंच कारण पुरत नाही. शिवाय अर्जदाराची एकेकट्याची चौकशी होते आणि ती रेंगाळते. बोस्निया आणि कोसोव्होच्या युद्धांत लोकांचे लोंढे आले, तेव्हा ही अडचण उघडी पडली आणि २००१मध्ये युरोपीय संघानं ‘तात्पुरत्या संरक्षणा’चा नियम केला. पुढची वीस वर्षं तो कधीच वापरला गेला नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियानं युक्रेनवर चौफेर हल्ला चढवला आणि ४ मार्चला तो पहिल्यांदा लागू झाला.

यात छळाचा पुरावा मागत नाहीत. युद्धामुळे तिथून निघालात, एवढं दाखवलं की राहण्याची परवानगी, नोकरीची मुभा, मुलांना शाळा आणि औषधपाणी मिळतं. पोलंडमध्ये ‘पेसेल’ हा ओळख क्रमांक मिळतो आणि या लोकांच्या नोंदीला ‘यूकेआर’ अशी खूण असते. जर्मनीत निवास कायद्याच्या कलम २४ खाली परवाना देतात. हे सगळं मुदतीचं. आधी एक वर्ष, मग वाढवत वाढवत आता ४ मार्च २०२७पर्यंत. चाळीस लाखांहून जास्त माणसं अशी मुदतीवर राहतायत. कॅनडानं २०२२मध्ये वेगळी वाट धरली: तीन वर्षांपर्यंत राहता येईल असा तात्पुरता व्हिसा आणि सोबत कामाचा परवाना. तिथंही निर्वासिताचा दर्जा नाहीच.

म्हणून ‘युरोपनं युक्रेनच्या लोकांना निर्वासिताचा दर्जा दिला’ हे वाक्य चूक आहे. ‘तात्पुरतं संरक्षण दिलं’ असंच लिहावं. हा फरक किरकोळ नाही. मुदत संपल्यावर आपलं काय, हा प्रश्न त्या माणसाला रोज छळत असतो आणि चुकीचा शब्द तोच झाकून टाकतो.

आता एकेक शब्द. शरणार्थी आपल्याकडे हिंदीच्या वळणानं रुळला. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, त्यामुळे शब्द चूक नाही. पण मराठी कानाला ‘शरण जाणे’ म्हणजे हार पत्करणं वाटतं. मी तो टाळतो. ज्यानं आश्रयासाठी अर्ज केलाय आणि निकाल यायचाय, त्याला आश्रयार्थी म्हणावं. विस्थापित म्हटलं की महाराष्ट्रात कोयनेची, उजनीची माणसं आठवतात. देशातल्या देशात हललेल्यांसाठी, म्हणजे खार्किव सोडून ल्विवला गेलेल्यांसाठी, तो चपखल आहे. सीमा ओलांडलेल्यांना नको.

निर्वासित हा शब्द मात्र आपण कायद्याच्या पुस्तकातून घेतलेला नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३पासून सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सरकारनं त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं; तिथून इराणमार्गे ती इथवर पोचली. निर्वासित म्हणजे वस्तीतून हाकलून दिलेला, हा धात्वर्थ त्यांना अक्षरशः लागू पडत होता आणि १९५१चा करार तर अजून व्हायचा होता. त्यांची घरं जिथं होती त्यातला बराच भाग आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे. पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी वसले, ते आजचं गांधीनगर. त्यांनाही आपण निर्वासितच म्हटलं, वास्तविक ते आपल्याच देशाचे नागरिक होणार होते. मराठीतला निर्वासित असा करारातल्या निर्वासितापेक्षा ऐसपैस आहे, म्हणूनच बोलण्यात तो युक्रेनच्या माणसांना चालतो.

विचारलेला नसला तरी एक शब्द सुचवतो: परागंदा. मूळ फारसी, अर्थ विखुरलेला. पूर्वी फौजेची धाड आली की रयत परागंदा होई; मग सरकारातून कौल जाई, ‘परत या, जमीन लावा, सारा हळूहळू वाढवत घेऊ’. हा कौल म्हणजे सरकारी अभयच, पण तो आपल्याच गावी परतण्यासाठी असे, म्हणून तात्पुरत्या संरक्षणाला कौल म्हणता येणार नाही. परागंदा मात्र आजही बेलाशक वापरावा. त्या शब्दात कुठल्याही दर्ज्याचा दावा नाही, फक्त माणसावर काय ओढवलं तेवढंच आहे. बातमीत ‘युद्धात गावंच्या गावं परागंदा झाली, त्यातल्या कित्येकांना पोलंडनं तात्पुरतं संरक्षण दिलं’ असं लिहिलं, तर मराठीही नीट राहते आणि कायदाही.